उलटा गेलेला गोळा

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात ती चादरींना इस्त्री करायची, म्हणून तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. दिवसभर वाफेत उभी. कोपऱ्याला कोपरा असा जुळवायची, की मुख्य परिचारिका म्हणायची, "बाई, असली घडी मोडून पेशंट झोपवायचा म्हणजे जिवावर येतं!"

अशा बाईचा आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा संबंध यावा कसा? तर नणंदेमुळे. ही नणंद शहरात बस चालवायची. आवाज असा, की बसला हॉर्न नसता तरी चाललं असतं! तिने चौघींचा लॉन बोल्सचा संघ उभा केला, स्वतः कप्तान झाली आणि चौथी बाई मिळेना तेव्हा भावाच्या घरात घुसून वहिनीला मैदानावर ओढून नेलं.

खेळ दिसायला सोपा. हिरवळीवर आधी छोटा पांढरा चेंडू सोडायचा, त्याला जॅक म्हणतात. मग मोठे गोळे त्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. पण गोळ्याचं एक अंग मुद्दाम जड केलेलं, त्यामुळे तो सरळ जातच नाही. जड अंगाकडे वळत जातो. पहिल्या दिवशीच इस्त्रीबाई म्हणाली होती, "वन्सं, हा गोळा तुमच्या भावावर गेलाय. सरळ सांगितलं की वाकडं जायचं."

"मग वहिनी, तुला सवय आहेच की," नणंद म्हणाली, आणि पहिला गोळा टाकायचं काम तिच्या गळ्यात पडलं.

गळ्यात पडलं खरं, पण तिथेच तिचा जीव जडला. तळघरात तिला कोण ओळखत होतं? घरात हाक यायची ती चहासाठी. इथे मात्र ती गोळा टाकायच्या चटईवर उभी राहिली की सगळं मैदान गप्प व्हायचं. म्हणून डॉक्टर जेव्हा म्हणाले, "बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, आता ऑपरेशन," तेव्हा तिने ती गोष्ट पदराआड लपवली. स्पर्धा तोंडावर आली होती. नणंदेला कळलं असतं, तर मागाहून आलेली बँकेतली कॅशियर बदली खेळाडू म्हणून टपूनच बसली होती.

घरच्या मैदानावर डोळ्यांवाचून तिचं अडत नव्हतं. जॅक किती लांब आहे ते नणंदेच्या हाकेवरून कळायचं. गोळ्याच्या जड अंगावर लहान वर्तुळ कोरलेलं असायचं; अंगठा फिरवला की कळायचं. पण स्पर्धेत आयोजकांनी प्रत्येक संघाच्या गोळ्यांवर दोन्ही अंगांना संघाच्या रंगाची गुळगुळीत चकती चिकटवली. जड अंगाकडच्या चकतीवर वर्तुळ नुसतं छापलेलं, डोळ्यांना दिसणारं, अंगठ्याला न लागणारं. झालं! आंधळ्याची काठीच गेली.

सुरुवातीचे सामने निभावले, कारण दुसऱ्या क्रमांकावर खेळणारी नर्सबाई गोळा उचलून बरोबर तिच्या हातात द्यायची. तिला वाटे, बाई कमरेला जपतात. पण उपांत्य सामन्यात नर्सबाई बुटाची नाडी बांधत बसली, इस्त्रीबाईने गोळा स्वतः उचलला आणि उलटा टाकला. या खेळात याहून लाजिरवाणी चूक नाही. जॅककडे वळायचा तो गोळा दिमाखात शेजारच्या पट्ट्यात शिरला आणि तिथे खेळणाऱ्या परक्या बायकांच्या पायांशी जाऊन थांबला. लोक खो खो हसले. सामना त्याच डावात गेला.

कपडे बदलायच्या खोलीत नणंद कडाडली. "कमर दुखते, कमर दुखते! राणीसाहेबांना गोळा हातात द्यायला दासी लागते? यापुढे ज्याचा त्याने उचलायचा. आणखी एक उलटा गेला ना वहिनी, तर कॅशियर आत आणि तू बाकावर. कायमची!"

इस्त्रीबाई आपले बूट पुसत बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दुपारी तिसऱ्या जागेसाठी सामना होता. गोळा पुसायच्या मिषाने ती तो नाकाशी धरायची, डोळा बारीक करायची, आणि उन्हात वर्तुळ कसंबसं धुकट दिसायचं. "अहो, वास कसला घेताय, शिळा आहे का?" मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या तिसऱ्या क्रमांकावर खेळत. सगळ्या हसल्या, तीही हसली.

शेवटून दुसरा डाव आला. गुण बरोबरीत. आणि प्रेक्षकांच्या मांडवाची सावली सरकत नेमकी चटईवर आली. तिने गोळा पुसला, नाकाशी नेला, फिरवला, पुन्हा पुसला. दोन्ही अंगं सारखीच, नुसता लाल डाग. पलीकडच्या टोकाला पांढऱ्या पोशाखात नणंद उभी असणार. तिथे तिला फक्त एक पांढरा ठिपका हलताना दिसत होता. विचारलं तर जागा गेली. न विचारता टाकला आणि उलटा गेला, तर जागाही गेली आणि चौघींची मेहनतही मातीत गेली. पंचाने घड्याळाकडे पाहिलं.

शेजारी समोरच्या संघाची पहिली खेळाडू उभी होती, पिकल्या केसांची धिप्पाड बाई. एकमेकींची भाषा कळत नव्हती. इस्त्रीबाईने गोळा तिच्यापुढे धरला, स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं आणि मान हलवली. त्या बाईने वाकून तिचे धुकट डोळे पाहिले. मग इस्त्रीबाईच्या हातातला गोळा हलकेच फिरवून बरोबर ठेवला.

इस्त्रीबाईने गोळा सोडला. तो वळत, रेंगाळत गेला आणि जॅकच्या कुशीत जाऊन बसला. टाळ्या कडाडल्या. तो डाव इस्त्रीबाईच्या संघाने घेतला.

पण डाव संपताच नणंद हिरवळ तुडवत आली. "काय विचारलंस तिला?"

"काही नाही, वन्सं."

"वहिनी, मी रोज आरशात पाहून बस वळवते. मला शिकवू नकोस. काय विचारलंस?"

"जड अंग कुठलं ते. मला दिसत नाही हो वन्सं. मोतीबिंदू आहे. पण एकच डाव राहिलाय. मी तिलाच विचारून गोळा टाकते. पाया पडते, मला काढू नका."

नणंदेचा चेहरा लाल झाला की पांढरा पडला, हे इस्त्रीबाईला कळायचा प्रश्नच नव्हता. तिच्या कानावर आली ती फक्त मांडवाकडे गेलेली हाक. "कॅशियरबाई! बूट घाल."

शेवटचा डाव तिने बाकावरून ऐकला. गोळ्यावर गोळा आदळल्याचा ठण्ण आवाज आला. मग अचानक आरडाओरडा झाला. कोणाचा? आपला की त्यांचा? शेजारच्या बाईचा दंड धरून तिने विचारलं, "कोण जिंकलं?" ती परकी निघाली, परक्या भाषेत काहीतरी पुटपुटली.

शेवटी एक पांढरा ठिपका मोठा होत जवळ आला.

"सामना गेला," नणंद म्हणाली आणि बाकावर बसली. "त्यांचा शेवटचा गोळा मध्ये घुसला."

"मी असते तर..."

"असतीस तर कदाचित जिंकलोही असतो. ते मला जन्मभर टोचणार आहे." नणंदेने नाक ओढलं. "परतलो की आधी ऑपरेशन."

"आणि माझी जागा?"

नणंदेने वाकून बुटाची नाडी सोडली. "जागा कॅशियरची झाली, वहिनी. खोटं कशाला सांगू?"

इस्त्रीबाईने मान हलवली. समोर कोणी बायका बक्षिसासाठी रांगेत उभ्या राहत होत्या. त्या कोण, हे काही तिने विचारलं नाही.