शेपूवर फोडलेलं खापर

नातीच्या हिरव्या ओकारीचं दुपटं मी सिस्टरला दाखवण्याआधी धुऊन टाकलं. त्या वेळी मला वाटत होतं, मी विहीणबाईंची लाज राखतोय.

मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे आमच्याकडं, शहरातल्या एका लहान प्रसूतिगृहात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिच्या सासूबाई देवगाव रंगारीहून आल्या. डब्यात बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी होती. बाळंतिणीला शेपू दिला की दूध चांगलं येतं, म्हणून तो द्यायचाच. मुलगी पोटभर जेवली. विहीणबाईंनी नातीला मांडीवर घेतलं आणि निरखून पाहिलं.

"रंग माझ्यावर गेला बघा, इवाई. नाक तुमचं हाये, पण त्याला आता विलाज नाय."

सगळे हसले. मीही हसलो. मुलीचा बाप म्हणून लग्नापासून मी त्यांच्या प्रत्येक बोलण्यावर हसत आलो होतो.

दुपारी नातीनं दूध ओकलं. ते शेवाळासारखं हिरवं होतं. मी दुपट्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, आणि माझं निदान झालं. आईनं हिरवं खाल्लं, ते दुधात उतरलं, बाळानं बाहेर टाकलं. मी विज्ञानाचा पदवीधर आहे.

"विहीणबाई, दुसऱ्याच दिवशी एवढा शेपू घालतात का? लेकरू हिरवं ओकतंय बघा," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"आमच्यात समद्यांना घालत्यात. कुणी हिरवं ओकलं नाय."

"तुमच्यात चालत असेल."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. मुलगी म्हणाली, "पप्पा, सिस्टरला दाखवू या ना." मी म्हणालो, शेपू बंद केला की थांबेल, तू झोप. तिचा डोळा लागल्यावर मी दुपटं नळाखाली धरलं. घरातली गोष्ट बाहेर कशाला न्यायची, असा माझा विचार. थोड्या वेळानं सिस्टर आली.

"बाळानं उलटी केली का?"

"थोडं दूध टाकलं," मी म्हणालो.

संध्याकाळी नातीनं पुन्हा हिरवं टाकलं. पोट फुगलं होतं आणि जन्मल्यापासून शी झाली नव्हती. या वेळी मुलीनंच हाक मारली. डॉक्टरांनी विचारलं, "हिरवी उलटी पहिलीच का?"

"नाही, दुपारी पण झाली होती," मुलगी म्हणाली.

"मग सिस्टरनं मला कळवायला नको का?"

दुपारची सिस्टर ड्यूटी संपवून घरी गेली होती. मी पंख्याकडं पाहत होतो.

लहान मुलांच्या सर्जनकडं आम्हाला लगेच पाठवलं. एक्स-रे पाहून त्यांनी सांगितलं, की लहान आतडं एके ठिकाणी जन्मापासूनच बंद आहे. वरचं टोक फुगलंय, खालचं सुतळीसारखं बारीक राहिलंय, मधे वाटच नाही. बंद भाग काढायचा आणि दोन टोकं जोडायची. हिरवं होतं ते पित्त. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली की थांबायचं नसतं. बाळाच्या अंगातलं पाणी बरंच कमी झालंय, त्यामुळं आधी सलाईन, मग ऑपरेशन.

"शेपूनं होतं का असं?" मी विचारलं.

"कशानं?"

"शेपूनं. आईनं खाल्ला होता."

मी थट्टा करत नाही हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. "हे बाळ पोटात असतानाच झालेलं असतं. कुणी काय खाल्लं, याचा काही संबंध नाही."

विहीणबाई मागच्या बाकावर होत्या. त्यांनी ऐकलं.  

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर नातीच्या नाकातल्या नळीतून पिशवीत हिरवं पाणी यायचं आणि आम्ही त्याचा रंग पाहायचो. सगळ्यांचं लक्ष शीकडं होतं. ती झाली की आतडं चालू, मग थेंब थेंब दूध. आमच्या घरात कुणाच्या परीक्षेच्या निकालाचीही इतकी वाट पाहिली गेली नसेल. एके सकाळी सिस्टरनं डायपर आणून दाखवला, तेव्हा विहीणबाई चष्मा लावून पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "झाक झालं." तेवढंच. माझ्याशी मात्र त्या अजून बोलत नव्हत्या.

बारशाला त्या आल्या. डबा आणला नव्हता. मी साडी आणि नारळ पुढं केला.

"साडी ठिवा, इवाई. बोललात ते समद्यांसमोर बोललात. आता साडीत गुंडाळून देऊ नका."

पाळण्याभोवती सगळी माणसं उभी होती. मुलगी नातीला घेऊन माझ्याकडंच पाहत होती. तिलाही अजून अर्धंच माहीत होतं. मी साडी खाली ठेवली.

"विहीणबाई, चुकलं माझं. शेपूचा दोष नव्हता, तुमचाही नव्हता. त्या दुपारचं हिरवं दुपटं मीच धुतलं आणि सिस्टरला दूध म्हणून सांगितलं. उशीर झाला तो माझ्यामुळं. त्या सिस्टरलाही काल जाऊन सांगून आलो. मला माफ करा."