चौतीस विरुद्ध एक

जिंकणाऱ्या टीमला कप मिळतो, हरणाऱ्या टीमला किस्से. कप एकच असतो, किस्से मात्र दर मॅचला वाढत जातात. त्यामुळे २००४ च्या उन्हाळ्यात आमच्या सॉफ्टबॉल टीमइतकी भरभराट अख्ख्या आयर्लंडमध्ये कुणाची झाली नसेल!

सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा धाकटा भाऊ. डब्लिनच्या आयटी कंपन्यांची लीग होती. डब्लिनबाहेरच्या नावन गावाहून रोज ये-जा करणाऱ्या आम्हा मराठी मंडळींनीही नाव दिलं. "क्रिकेट येतं ना? मग हे काय, हातचा मळ!" असं कोणीतरी म्हणालं.

कोणीतरी म्हणजे मीच. म्हणून कॅप्टनही मीच.

*

पहिली मॅच. मंदारने पहिल्याच बॉलवर असा नाजूक लेट कट मारला, की मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. पण सॉफ्टबॉलमध्ये मागे गेलेला बॉल फाउल! हे मंदारला सांगायचं राहूनच गेलं. तो सुसाट पळाला, तेही बॅट घेऊन; इथे ती टाकून पळायचं असतं. बेसजवळ डाइव्ह मारली, बॅट टेकवली आणि अंपायरकडे विजयी मुद्रेने बघितलं.

समोरच्या टीमचा कॅप्टन केविन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "युअर मॅन बॅट घेऊन घरी निघालाय का?"

*

आमचा निखिल कॅच घेताना हातातला ग्लव्ह काढून काखेत धरायचा. "ग्लव्हमध्ये बॉल कळत नाही हो, दादा!"

ग्लव्ह काढेपर्यंत बॉल खाली पडलेला असायचा, ही गोष्ट वेगळी.

*

स्कोअर लिहायला निखिलचे अप्पा. वर्ध्याचे निवृत्त तलाठी, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. लीगच्या छापील कागदावर नुसते चौकोन होते. अप्पांनी उजवीकडे रेघ मारून नवा रकाना काढला: 'शेरा'.

"मंदार: बाद. शेरा: अतिशहाणा."

"निखिल: कॅच सोडला. शेरा: लहानपणापासून असाच आहे."

लीगच्या ऑफिसातून एका बाईंचा मला फोन आला. उजवीकडे हे काय लिहिलंय?

"हवामानाची नोंद," मी म्हटलं.

"ग्रँड!" म्हणाल्या बाई.

*

टीममध्ये तीन बायका हव्यातच, असा नियम होता. दोघी ऑफिसातल्या मिळाल्या. तिसरी मंदारची बायको, स्मिता. पुण्यात बँकेत ऑफिसर होती. इथे डिपेंडंट व्हिसावर नोकरीची परवानगी नाही. दोन वर्षं नावनच्या घरात भिंती बघून झाल्यावर तिने मंदारला सरळ सांगितलं होतं, "मी परत जाते. तू ये सावकाश." तिकीटही काढलं होतं. हे मला सांगताना गाडी चालवणारा मंदार एकाच राउंडअबाउटला तीन वेळा गोल फिरला.

स्मिता यायची ती फक्त संख्या भरायला. बॅटिंगला बॅट खांद्यावर ठेवून शांत उभी राहायची, आउट झाली की परत यायची. एकदा फिल्डिंगला बॉल थेट तिच्याकडे घरंगळत आला, तर तिने अदबीने बाजूला होऊन त्याला वाट दिली!

अप्पांचा शेरा: "पोरगी संस्कारी."

*

शेवटचा किस्सा केविनच्या टीमविरुद्धचा. शेवटची इनिंग, आमची बॅटिंग, स्कोअर चौतीस-शून्य. एवढा फरक पडला की दोन्ही कॅप्टनच्या संमतीने मॅच थांबवता यायची. केविन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुरे झालं ना? चला, पबमध्ये."

मी मान डोलावली. त्यांचे निम्मे फिल्डर गाड्यांकडे निघाले. अप्पांनी पेनाला टोपण लावलं.

"नो," मागून आवाज आला. "आय अ‍ॅम नेक्स्ट."

स्मिता बॅट घेऊन उभी होती.

केविनने माझ्याकडे बघितलं, मी मंदारकडे, मंदारने बुटांकडे. केविन जागेवर गेला.

पहिला बॉल हुकला. दुसरा हुकला. तिसऱ्याला तिने सतरंजी धोपटावी तसा धोपटला. बॉल पार कुंपणापर्यंत गेला आणि तिकडे कोणी नव्हतंच!

पहिला बेस. दुसरा बेस. मंदार सवयीने ओरडला, "थांब, स्मिता, थांब!"

अप्पा खुर्चीवरून उठले. "तू चूप बस बे! पय वं पोरी, पय!"

आणि ती पळाली. तिसरा बेस, मग होम, म्हणजे पूर्ण एक रन! केविनच्या टीमने टोप्या काढून टाळ्या वाजवल्या. चौतीस-एक. अप्पा बराच वेळ शेरा लिहीत बसले, पण कुणाला दाखवेनात.

परतताना गाडीत मी पुढे, मंदार गाडी चालवतोय, स्मिता मागे. गुडघ्यापर्यंत चिखल.

"पुढची मॅच कधी आहे?" तिने विचारलं.

"रविवारी," मंदार म्हणाला.

"आणि माझं तिकीट?"

मंदारने गिअर बदलत सांगितलं, "शनिवारचं."

मी आरशात बघायचं टाळलं.

"दादा," स्मिता म्हणाली, "मग शनिवारी प्रॅक्टिस ठेवा ना. माझा थ्रो फार वाईट आहे."