दोघांची होडी

सांडोरच्या मार्सेल रुमाव सरांना "कसे आहात?" असं कोणीही विचारलं की सर "मजेत" म्हणत. रस्त्यात विचारा, मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात विचारा, तापाने अंग फणफणलेलं असताना विचारा, उत्तर ठरलेलं. बायको मार्था जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा शॉन कॅनडात. घराच्या मागेपुढे केळीची वाडी, ती कसायला दिलेली, आणि आत चौसष्ट वर्षांचे सर. पण "मी एकटा आहे" एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. दर रविवारी शॉनचा फोन येई, तोही विचारी आणि त्याच्याही वाट्याला "मजेत" येई.

गेल्या सप्टेंबरात एका सोमवारी सर न्हाणीघरात घसरले. मार किरकोळ होता, पण कमरेत अशी कळ आली की तासभर उठता येईना. ओल्या फरशीवर पडल्या पडल्या त्यांनी हिशेब केला. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून जातो, आत येत नाही. वाडीवाला पॉल शनिवारी येतो. शॉनचा फोन रविवारी. म्हणजे शनिवारपर्यंत आपलं काय झालं हे कोणालाही कळणार नाही. मग ते कसेबसे उठले, चहा करून प्यायले आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही. पण तो शनिवार त्यांच्या मनातून काही गेला नाही. आपली वाट बघणारं कोणी उरलेलं नाही, हे त्यांना त्या दिवशी पुरतं कळलं होतं.

सरांनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. सागरी लाटांचं खननकार्य हा त्यांचा हातखंडा धडा. फळ्यावर समुद्रकडा, सागरी गुहा, तरंगघर्षित मंच अशा सुबक आकृत्या काढाव्यात तर त्यांनीच. आणि गंमत अशी, की हे सगळं शिकवणारा माणूस जन्मात कधी समुद्रात गेला नव्हता. सांडोरची माणसं वाडीची. केळी, भाजी, विहीर, चर्च हे त्यांचं जग. समुद्र पाचूबंदरच्या कोळ्यांचा, आपल्याला विहीर पुष्कळ झाली, असं सरांचे वडील म्हणत. घरापासून इतक्या जवळचा समुद्र सरांनी आयुष्यभर बघितला तो किनाऱ्यावरून, चपला हातात घेऊन.

म्हणून राजोडीला एका ओळखीच्या लग्नाला गेले असताना 'कयाक भाड्याने मिळेल' ही पाटी दिसली आणि सरांच्या मनाने उचल खाल्ली. राजोडीच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला काळ्या खडकांची एक रांग थेट पाण्यात गेलेली आहे. तिची समुद्राकडची बाजू फक्त पाण्यातूनच दिसते. एकदा आपली आपण होडी वल्हवत जायचं आणि धड्यातली आकृती डोळ्यांनी बघून यायची, असं त्यांनी ठरवलं. इतक्या दिवसांत त्यांना प्रथमच काहीतरी करावंसं वाटलं होतं.

दिवस निवडायला त्यांनी भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर बघितलं. शनिवार-रविवारी राजोडीला माणूस माणसाला धडकतो, म्हणून नोव्हेंबरातला एक बुधवार धरला. त्या चौकोनात कुठल्याशा संताचं नाव होतं, बाकी काही नव्हतं. चर्चच्या कॅलेंडरात तिथी कुठून असणार? सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत आले की समुद्राला उधाण येतं, हे हजारो मुलांकडून घोकून घेणाऱ्या सरांना त्या दिवशी पौर्णिमा आहे याचा पत्ताच नव्हता.

दुपारी दीडला ते रिक्षाने राजोडीला पोचले. पाणी तुडुंब होतं. कयाकवाला सिद्धेश नालासोपाऱ्याचा, पंचविशीतला, गॉगल डोक्यावर चढवलेला. त्याने सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सांगून टाकलं की एकट्याला होडी मिळणार नाही. होड्या दोघांच्या आहेत आणि नियमही दोघांचाच आहे.

आता सरांनी खरं तर माघारी फिरायचं. पण रुमाव सर हट्टी. एकट्याला होडी नाही, हॉटेलात एकट्याला टेबल द्यायला वेटर तोंड वाकडं करतो, लग्नाच्या पत्रिकेवर अजून 'श्री. व सौ.' लिहून येतं. त्यांना आतून संताप आला आणि त्या संतापात ते एकतीस वर्षांच्या नोकरीत बोलले नव्हते एवढं धडधडीत खोटं बोलले. म्हणाले, बायको मागून येतेय, चर्चमध्ये थांबलीय जराशी.

सिद्धेशने दोन नारिंगी लाइफ जॅकेटं दिली, वल्हं कसं मारायचं ते दाखवलं, तासाभरात परत या, खडकांच्या फार जवळ जाऊ नका, असं बजावलं आणि वाजणारा फोन घेऊन तो टपरीमागे गेला. सरांनी एक जॅकेट अंगात घातलं. दुसरं पुढच्या सीटच्या पाठीला नीट बसवलं, पट्टेबिट्टे लावून. आणि होडी ढकलून ते निघाले. सिद्धेश परत आला तेव्हा पाण्यावर दोन नारिंगी आकृत्या पाठमोऱ्या चालल्या होत्या. त्याने हात हलवला.

पहिली दहा मिनिटं होडी गोल गोल फिरली. मग सरांचा हात बसला. किनारा लांब गेला, सुरूची झाडं बुटकी झाली, माणसांचे आवाज बंद पडले. आणि खडकांची ती बाजू समोर आली. पायथ्याशी लाटांनी कोरलेली कपार होती, तिच्यापुढे पाण्याखाली लाटांनी घासून सपाट केलेला मंच होता, एका ठिकाणी तर गुहेचा आरंभसुद्धा होता. पुस्तकात होतं तसं सगळं. सरांना इतका आनंद झाला की ते मोठ्याने म्हणाले, "हे बघ, हा मंच."

बोलल्यावर त्यांना समजलं की आपण रिकाम्या जॅकेटशी बोलतोय. वर्गात असते तर पन्नास मुलांनी मान डोलावली असती. घरी सांगितलं असतं तर मार्था भाजी निवडता निवडता "असं होय" म्हणाली असती, लक्ष नसतानासुद्धा. इतकं सुंदर बघितलं आणि सांगायला कोणी नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

तरी ते खडकांमधल्या एका खाचेतून आत शिरले. आत तळ्यासारखं निवांत पाणी होतं. तिथे वल्हं आडवं ठेवून ते किती वेळ बसले कोणास ठाऊक. बुडाखाली खर्रकन आवाज झाला तेव्हा ते भानावर आले. आले होते त्या वाटेवर आता ओले काळे दगड वर निघालेले होते. ओहोटी नुसती लागली नव्हती, धावत सुटली होती. बघता बघता होडी एका दगडावर कलली, पुढचं जॅकेट सुटून घसरलं आणि पाण्याबरोबर खाचेतून बाहेर निघून गेलं. अर्ध्या तासात भूगोलाचे रुमाव सर कोरड्या पडलेल्या होडीत, तरंगघर्षित मंचाच्या मधोमध बसलेले होते.

उतरून चालावं तर दगडांवर शेवाळ, आणि न्हाणीघरातली फरशी अजून विसरली नव्हती. गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन होता. सिद्धेशचा नंबर पाटीवर होता, तो घ्यायचं सुचलं नव्हतं. त्यांनी फोनमधली नावं वरून खाली वाचली. शॉनकडे आत्ता पहाट, आणि तो तिथून काय करणार? पॉलला सांगायचं तर काय सांगायचं, मी समुद्रात खडकावर बसलोय म्हणून? मग त्या 'मजेत'चं काय? सरांनी फोन परत पिशवीत ठेवला. आज बुधवार, हेही त्यांच्या मनात आलं. शनिवारला अजून तीन दिवस होते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा खडकांवरून एक बाई धापा टाकत येताना दिसली. लुगडं गुडघ्यांच्या वर खोचलेलं, काखेत टोपली, हातात कालवं फोडायचं टोकदार लोखंड. वय साठीचं, पण त्या निसरड्या दगडांवरून ती अंगणातून यावं तशी आली. ही राजोडीची फिलोमिना. ओहोटीला कालवं काढायला यायची तिची रोजची रीत. सरांजवळ पोचताच ती म्हणाली, "दुसरं मानूस कुठं हाय?"

सरांनी पुढच्या रिकाम्या सीटकडे बघितलं.

"पुढं बसलं व्हतं ना? मी तिकडून बगितलं. दोगं आत गेलंत आनि आता तुमी एकलेच. कुठं पडलं?" असं म्हणत ती वाकून दगडांच्या फटींतल्या पाण्यात लोखंड घालून बघायलाही लागली.

"कोणी पडलं नाही," सर म्हणाले. "दुसरं कोणी नव्हतंच. नुसतं जॅकेट होतं. मी एकटाच आहे."

फिलोमिनाने त्यांच्याकडे बघितलं, मग ती मटकन दगडावर बसली. रागावली, आणि तिने रागवायलाच हवं होतं. किनाऱ्यापासून इथवर ती नमो मरिया म्हणत आली होती, बुडालेल्या माणसाच्या नावाने. सरांनी हात जोडून माफी मागितली. तिने काखेतली टोपली खाली ठेवली. मग सर आपणहून म्हणाले की तुमची प्रार्थना वाया गेली नसेल, माझी बायको तीन वर्षांपूर्वी गेली, तिला पोचली असेल.

"काय नाव तिचं?"

"मार्था." हे नाव मोठ्याने उच्चारून किती महिने झाले होते ते सरांना आठवेना. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

मग तिने समजावून सांगितलं, की आज पुनव हाय, पानी पार खाली जानार, होडी रातच्यापर्यंत हलायची नाय, दगडाला बांधा आणि माझ्यासंगं चालत चला. सर लगबगीने उठायला लागले. तिने विचारलं, घरी कोन हाय?

"कोणी नाही."

"मंग घाई कसली?" ती म्हणाली. "माजी अर्दी टोपली भरायची हाय."

आणि सर थांबले. टोपली धरून ते तिच्या मागे मागे दगडांवरून बसत-उठत फिरले. ती लोखंडाने शिंपला उचकटायची, कालव टोपलीत टाकायची आणि अधूनमधून पाय कुठे ठेवायचा ते सांगायची. त्या तासाभरात दोघांत फार बोलणं झालं नाही. त्यांना ते बरं वाटलं.

अंधारून येताना ती त्यांच्या मनगटाला धरून किनाऱ्याकडे निघाली. सिद्धेश घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. लांबून दोन माणसं येताना दिसली तसा तो त्यांच्याकडे धावत सुटला. जवळ आल्यावर त्याने फिलोमिनाला ओळखलं आणि त्यांच्या मागे, खडकांकडे बघितलं.

"आंटी कुठे?"

"आंटी नाहीत," सर म्हणाले. "मी खोटं बोललो. मी एकटा आहे."

सिद्धेश आधी शिव्या देईल असं वाटलं, पण त्याला रडू फुटलं. तिन्हीसांजेपर्यंत तो किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत होता. एका कोळ्याची बोट मागवली होती, ती यायची होती. मग नाक पुसत त्याने तो नियम कशाला केला ते सांगितलं. मागच्या वर्षी एका अंकलना त्याने एकट्याला होडी दिली होती. रिकामी होडी परत आली. अंकल मुद्दामच गेले होते.

"तुम्ही पण तसेच..." त्याने विचारलं.

"नाही रे बाळा," सर म्हणाले. "मला खरंच खडक बघायचे होते." आणि हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं.

फिलोमिनाने केळीच्या पानात बांधून मूठभर कालवं त्यांच्या हातात दिली आणि ती आपल्या वाटेने गेली. सर रिक्षा करतो म्हणाले तर सिद्धेश ऐकेना. त्याने सरांना स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट सांडोरला आणलं. घरासमोर स्कूटर बंद न करता त्याने वाडीतल्या काळोखाकडे बघितलं, कुलूप लावलेल्या दाराकडे बघितलं.

"आत जा," तो म्हणाला. "लाईट लागली की मी निघतो. तोपर्यंत इथेच आहे."

सरांनी कुलूप काढलं, आत गेले, दार लोटलं. अंधारात सवयीने त्यांचा हात बटणावर गेला. बाहेर स्कूटर धडधडत होती. सिद्धेश फाटकापाशी खिडकीकडे डोळे लावून त्यांची वाट बघत होता. सर बटणावर बोट ठेवून तसेच उभे राहिले, आणखी थोडा वेळ.