मूळ गायकाचा रकाना

भोपाळमधल्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये कुठलीही गोष्ट दाखल्याशिवाय चांगली ठरत नसे. शाळा चांगली ठरायला बोर्डाचा निकाल लागायचा, जावई चांगला ठरायला सरकारी नोकरी, आणि गाणं चांगलं ठरायला ते आधी कुणीतरी मोठ्या माणसाने गायलेलं असावं लागायचं. माझं नेमकं उलटं होतं. जे गाणं कुणालाच ठाऊक नाही, ते मला ऐकायचं असायचं. आई याला खाज म्हणायची, बाबा रिकामटेकडेपणा. मी त्याला काहीच म्हणत नव्हते, पण कुणी त्यावर हसलं की माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं.

तेव्हा मी महाराणा प्रताप नगरात एका कोचिंगमध्ये गणित शिकवायचे. सकाळची बॅच संपली की घरी जेवायला यायचे, आणि संध्याकाळच्या बॅचपर्यंतचा सगळा वेळ हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर जायचा. घरच्या घरी इलेक्ट्रो-पॉप करणारी माणसं आपली गाणी चढवायची अशी एक साइट होती. पाठीशी ना कंपनी, ना करार. एक लॅपटॉप, एक छोटा कीबोर्ड आणि स्वतःचा गळा, एवढंच भांडवल. मी दुपारभर ती गाणी ऐकायचे आणि त्यातलं आवडेल त्यावर माझ्या ब्लॉगवर लिहायचे. कोचीचा एक दंतवैद्य मला असाच सापडला, शिलाँगची कॉलेजातली एक मुलगी सापडली. खोटं कशाला बोलू, बहुतेक माल भंगार असायचा. पण एखादं गाणं असं यायचं की मी खुर्चीतून उठून हॉलमध्ये दोन फेऱ्या मारायचे आणि मग परत बसून ते पहिल्यापासून लावायचे.

बाबा कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून उतरलेला पीस हातात घ्यायचा, पास केलेल्या नमुन्याशी ताडून बघायचा आणि खडूने खूण करायची, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. "कंपनीने घेतलं नाही म्हणजे काहीतरी कमी असणार ना बेटा," ते म्हणायचे. "तू काय रिजेक्ट माल ऐकत बसते?" मी म्हणायचे, रिजेक्ट व्हायला आधी कुणीतरी तपासावं लागतं, ही गाणी तर कुणी हातातच घेतलेली नाहीत. ते पेपर उघडायचे आणि विषय संपायचा.

एका दुपारी असंच चाळता चाळता एक गाणं लावलं. आधी नुसता एक ठेका, कुणीतरी स्टीलच्या डब्याचं झाकण उघडमीट करावं तसा. मग बाईचा आवाज, जरा घोगरा, अजिबात न सजवलेला. आणि मग भोंगा. आमच्या कारखान्याचा भोंगा.

ओळखायला मला क्षणही लागला नाही. जन्मापासून दिवसातून कितीदा तरी ऐकलेला. वर चढताना तो मध्येच किंचित अडखळायचा आणि मग श्वास घेतल्यासारखा पुढे जायचा. तिने तो अडखळलेला तुकडाच उचलला होता, त्याचे बारीक बारीक काप करून त्यातून चाल उभी केली होती. वर शब्द होते: भोंगा झाला, तू निघाला, माझी बात राहिली. बास, एवढंच फिरून फिरून. माझे डोळे भरून आले, आणि त्याची मला लाज वगैरे वाटली नाही. आई माझ्या लहानपणापासून बाबांना काहीतरी सांगायला दारापर्यंत जायची आणि भोंगा झाला की परत फिरायची. हे मी रोज पाहिलं होतं, पण त्याचं गाणं होऊ शकतं हे मला सुचलं नव्हतं.

गाण्याच्या पानावर नाव नव्हतं, फोटो म्हणून पाण्याच्या टाकीचं चित्र होतं. मी निरोप टाकला, "हा भोंगा आमचा आहे." अर्ध्या तासात उत्तर आलं, "आमचा पण."

ती टाउनशिपला लागूनच असलेल्या इंद्रपुरीत राहत होती. वडील कारखान्यात टेक्निशियन, मूळचे अमरावतीकडचे. ती स्वतः साकेत नगरजवळच्या मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायची. आम्ही एका पोहे-जलेबीच्या ठेल्याशी भेटलो. वयाने माझ्याएवढीच, अंगावर ड्यूटीचा पांढरा कोट, बोलणं एकदम सरळ.

"मला वाटलं कोणी लडका असेल तू," ती म्हणाली. "ब्लॉग वाचला मी तुझा. पण देर झाली जरा. मी सगळं काढून टाकणार आहे. विसर्जनच्या दिवशी."

"का?"

"तीन साल झाले. नऊ गाणे टाकले. हे जे तू ऐकलं ना, ते तेवीस वेळा वाजलं आहे, त्यातले वीस वेळा तर मीच. मला चांगलं वाटते, पण मला एकटीलाच वाटते. पागल माणसालाही असंच वाटत असेल ना?"

मला तिचा राग आला. तिचा म्हणजे, तिला असं वाटायला लावणाऱ्या सगळ्यांचा. मी म्हटलं, विसर्जनाच्या आधी गणपती आहेत, टाउनशिपच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम आहेत. तिथे गा. खोलीभर माणसांनी समोर बसून ऐकलं आणि तरीही तुला हेच वाटलं, तर खुशाल काढून टाक. ती जलेबी संपवून म्हणाली, "चल. पण फॉर्म तू आण."

फॉर्म आणणं सोपं होतं, कारण निवड समितीत बाबाच होते. अवघड होतं तो भरणं. नाव, क्वार्टर नंबर, कार्यक्रमाचा प्रकार, आणि त्याखाली ठळक अक्षरात रकाना: मूळ गायक किंवा गायिका. मंडळ स्थापन झाल्यापासून हा रकाना कुणाला खटकला नव्हता. आमच्याकडे गाणं म्हणजे कुणाचं तरी गाणंच. ते किती हुबेहूब उतरलं यावर टाळ्या आणि स्टीलची वाटी बक्षीस. तिने त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. वरही तेच, खालीही तेच.

समितीने फॉर्म परत पाठवला. चुकून दोनदा नाव लिहिलंय, दुरुस्त करून द्या, असा शेरा होता. आम्ही तो तसाच पुन्हा दिला. मग शब्द मागवले, आणि ते वाचून समितीतल्या पुण्याच्या काकू म्हणाल्या, "बात काय, बात? आणि सरळ मराठी नाही का लिहिता येत तुम्हाला?" काकूंना भोपाळात पंचवीस वर्षं झाली होती आणि भाजीवाल्याशी त्या माझ्याहून झकास हिंदी बोलायच्या. मी म्हटलं, इथे आमच्या घरांत असंच बोलतात, तुमच्याही घरात. त्यांना ते आवडलं नाही.

घरी बाबांनी मला समोर बसवलं. "हे बघ, माझा काही विरोध नाही. पण आम्ही तपासायचं कशाशी? नमुना पाहिजे ना समोर. नमुनाच नसेल तर पास कसं करणार?"

"बाबा, कारखान्यात नवीन पार्ट येतो तेव्हा पहिला पीस कशाशी ताडता?"

"त्याचा नमुना नसतो. तो ड्रॉइंगवरून पास होतो. डिझाइनवाले येतात, ते सांगतात."

"मग ही डिझाइनवाली आहे. ती सांगतेय."

दुसऱ्या दिवशी तिला वेळ मिळाली: चौथा दिवस, दुपारी अडीच, मुलांच्या फॅन्सी ड्रेसच्या आधी. म्हणजे लोक जागा पकडत असतात, पोरांच्या मिश्या रंगवल्या जात असतात, तेव्हा. सरळ भाषेत सांगायचं तर आम्हाला कोपऱ्यात ढकललं होतं. पण म्हणतात ना, पडत्या फळाची आज्ञा. आम्ही ती झेलली.

हॉल भरलेला होता. तीनच्या शिफ्टला जाणारे बापही मांडीवर डब्याची पिशवी घेऊन बसले होते, पोराचा शिवाजी नाहीतर टोमॅटो बघून मग जाऊ म्हणून. शिफ्टचे भोंगे दोन, पहिला पावणेतीनला, दुसरा तीनला. पहिल्याला उठायचं आणि दुसऱ्याला गेटच्या आत असायचं, हे तिथल्या माणसांच्या अंगात इतकं भिनलेलं होतं की त्यासाठी कुणी घड्याळ बघत नसे. मी टाउनशिपची मुलगी, मला हे आधी सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

ती जरा उशिरानेच स्टेजवर आली, लॅपटॉप उघडला, काही प्रस्तावना न करता गायला लागली. दोन मिनिटांनी मंडळाच्या त्या भल्यामोठ्या स्पीकरमधून भोंगा झाला, आणि निम्मा हॉल उभा राहिला. खुर्च्या सरकल्या, डबे उचलले गेले, एका गृहस्थांनी तर बाहेर जाऊन स्कूटरला किकही मारली. पहिल्या रांगेत माझे बाबा उभे होते. त्या दिवशी त्यांची रजा होती, तरीही. मग कुणीतरी मनगट बघितलं आणि हशा झाला. हशाबरोबर शिव्याही आल्या. काकू कपाळाला हात लावून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, संपलं, ही आता घरी जाऊन सगळं पुसून टाकणार, आणि तिला इथे आणणारी मी.

तिने गाणं थांबवलं. माइकमध्ये म्हणाली, "बसा काका लोक. अजून टाइम आहे. मी परत सुरू से लावते."

आणि लावलं. काय सांगू, त्या मुलीच्या आवाजात कापरं नव्हतं. या वेळी भोंगा झाला तेव्हा कुणी हललं नाही. सगळे त्याची वाटच बघत होते. रोजचा तो आवाज पहिल्यांदाच बसून ऐकत होते, आणि तो कापला गेला, फिरला, त्याची चाल झाली, तेव्हा मागच्या बायकांमध्ये कुजबुज थांबली. माझी बात राहिली, हे तिसऱ्यांदा आलं तेव्हा आईने माझा हात धरला. गाण्याच्या शेवटी भोंगा परत येतो, लांबवर विरत जातो. तो विरला, पुन्हा चढला, पुन्हा विरला, आणि टाळ्या झाल्या. चांगल्या झाल्या. डब्याच्या पिशव्या मांडीवर ठेवून बाप लोक टाळ्या वाजवत होते.

शेवटचा भोंगा खरा होता, पावणेतीनचा. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. फॅन्सी ड्रेस सुरू झाला, दोन टोमॅटो होऊन गेले, आणि तीनचा भोंगा वाजला तेव्हा जी धावाधाव झाली ती विचारू नका.

समितीने मला बोलावलं. माणसं उशिरा पोचली, मंडळाची नाचक्की झाली, लेखी माफी मागा. मी म्हटलं, माफी कसली? त्यांना काही कोंडून ठेवलं नव्हतं, ती गाणं ऐकत बसली होती. काकू म्हणाल्या, मुलगी हाताबाहेर गेलीय, वडिलांनी काहीतरी बोलावं. बाबा सगळा वेळ टेबलावरच्या त्या फॉर्मकडे बघत होते.

"पीस पास आहे," ते म्हणाले. "मी तपासलाय."

माफी मी मागितली नाही. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर छापील सूचना आली, स्वतः रचलेली गाणी स्वीकारली जाणार नाहीत. इतका कडक नियम मंडळाने भांडणाऱ्या नाटकवाल्यांसाठीही केला नव्हता, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

विसर्जनाच्या दिवशी मी दर तासाला तिचं पान उघडून बघत होते. नऊ गाणी होती. संध्याकाळी दहावं आलं.

लोक मला विचारतात, पुढे ती मोठी झाली का? हा प्रश्न ऐकला की मला पुन्हा टाउनशिपमध्ये उभं असल्यासारखं वाटतं. नाही झाली. कुठल्या कंपनीने तिला घेतलं नाही. ती अजूनही एक्स-रे काढते आणि वर्षाकाठी दोनतीन गाणी टाकते, आणि ती चांगली असतात. मला कळलं होतं ते बरोबर होतं, हे सिद्ध करायला तिने प्रसिद्ध व्हायची गरज नाही.

कारखान्याचा भोंगा मात्र बंद झाला. आता गेटवर बोट टेकवून हजेरी लागते. गेल्या वर्षी मंडळाच्या नव्या कार्यवाहांचा फोन आला. निवृत्त मंडळींचा मेळावा आहे, सगळ्यांना तो जुना भोंगा ऐकवायचाय, खूप शोधला पण कुणाकडेच नाही. तुमच्या मैत्रिणीच्या कुठल्याशा गाण्यात आहे म्हणे, तेवढा तुकडा मिळेल का?

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तुकडा नाही. द्यायचं तर पूर्ण गाणं."

मी तसं कळवलं. फॉर्म भरून पाठवते, मूळ गायिका म्हणून तिचं नाव असेल, छापील सूचना तुम्ही खोडून घ्या, हेही सांगितलं. कार्यवाह जरा घुटमळले. म्हणाले, "पूर्ण म्हणजे पाच मिनिटं जातील. मंडळी म्हातारी आहेत, बसतील का तेवढा वेळ?"

"ते गाणं ऐकत बसल्यामुळेच एकदा त्यांना शिफ्टला उशीर झाला होता," मी म्हटलं. "बसतील."