बदलीवर गेलेल्यांची जनावरं

राजधानी भोपाळला गेली त्या वर्षी आमच्या घरात सात जनावरं आली, आणि त्यातलं एकही मला नको होतं.

मी तेरा वर्षांची होते. ग्वाल्हेरला नया बाज़ारच्या मागच्या गल्लीत आम्ही तळमजल्यावर भाड्यानं राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधे फरशीचा लहानसा चौक. वर मकानमालक. बाबा सचिवालयात कारकून होते. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, तेव्हापासून राजधानी थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची. बाबा फायलींच्या पेट्यांबरोबर जायचे, पेट्यांबरोबर परत यायचे. त्याची आम्हाला सवय झाली होती. आता मध्यभारतच मोडला, आणि कचेऱ्या भोपाळला निघाल्या त्या कायमच्या. आम्हा मराठी लोकांना इथले लोक दक्षिणी म्हणायचे. गल्लीतल्या दक्षिणी घरांमधून रोज कुणाची तरी ऑर्डर निघाल्याचं कळायचं.

सगळ्यात आधी शेजारच्या काकू गेल्या. त्यांचे यजमान शिक्षणखात्यात होते. आईची आणि त्यांची बारा वर्षांची मैत्री होती. एकीचं विरजण नासलं की दुसरीकडून यायचं. आईनं त्यांना प्रवासासाठी दशम्या करून दिल्या, तांगा वळेपर्यंत दारात उभी राहिली आणि आत येऊन रडली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बंद घराच्या परसातून कुत्रं विव्हळायला लागलं.

"कुत्रं तर मुरारला राहतो त्या भाच्याकडे देणार होत्या नं?" आई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं लुगडं खोचलं, स्टूल लावलं आणि भिंतीवरून पलीकडे उतरली. मी भिंतीवरून पाहत होते. तांबड्या रंगाचं ते कुत्रं साखळीनं नळाला बांधलेलं होतं. समोर पातेल्यात वाळलेल्या पोळ्या होत्या. पाण्याचं भांडं लवंडलं होतं. आईनं दगडानं साखळीची कडी तोडली आणि कुत्र्याला काखोटीला मारून भिंतीवरून माझ्या अंगावर ढकललं.

"बांधून गेली!" ती ओरडत होती. "बारा वर्षं माझं विरजण नेलं, आणि मुक्या जनावराला बांधून गेली!"

आईला जनावरांची माया होती असं पुढे लोक म्हणायचे. मी तिथे होते. ती माया नव्हती, संताप होता. त्या कुत्र्याच्या पाठीवरून तिनं एकदाही हात फिरवला नाही. त्याला नावही दिलं नाही. 'शिक्षणखातं' म्हणायची. "शिक्षणखात्याला पोळी टाक."

मग गल्लीला कळलं की इथे ठेवून घेतात. जंगलखात्यातल्या बाबूंची एका डोळ्यानं आंधळी शेळी आली. महसुलातल्यांची मांजर आली ती पोटुशी, म्हणजे एकीच्या तीन झाल्या. एक म्हातारं कुत्रं कुणीतरी टोपलीत घालून पहाटे उंबऱ्यावर ठेवलं; ते कुठल्या खात्याचं हे शेवटपर्यंत कळलं नाही. संस्थानात जिल्हा सांभाळलेल्या एका निवृत्त सुभासाहेबांचा पोपट आला. सुभासाहेब मुलाबरोबर भोपाळला गेले, पण त्यांचा खोकला पोपटाबरोबर आमच्याकडे राहिला. तो दिवसभर त्यांच्यासारखा खाकरायचा आणि बाबा दचकून उभे राहायचे.

घराला वास लागला. माझ्या शाळेच्या झग्यावर केस असायचे. शेळीनं भूमितीची वही खाल्ली, त्याबद्दल मला वर्गाबाहेर उभं केलं. मुली नाक धरून म्हणायच्या, "चिड़ियाघर आ गया." वरून मकानमालक जिन्यात उभे राहून रोज ऐकवायचे.

"बाई साहब, हमने मकान आदमियों को दिया था."

"आदमी तर सगळे भोपाळला गेले," आई मराठीतच उत्तर द्यायची. त्यांना तेवढं मराठी कळायचं. एकदा त्यांनी वरून पाण्याची बादली चौकात ओतली, नेमकी मांजरीच्या पिलांवर. आईनं जिना चढून जाऊन ती ओली पिलं त्यांच्या देवघराच्या दारात ठेवली. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणंच बंद झालं.

मग बाबांची ऑर्डर आली.

बाबा भित्रे नव्हते, पण आवाज चढवणारेही नव्हते. जेवण झाल्यावर त्यांनी कागद आईसमोर ठेवला. "पंधरा दिवसांत हजर व्हायचं आहे. एका क्वार्टरमध्ये दोन कुटुंबं आहेत. आपल्याला एक खोली मिळेल."

"आणि ही?" आईनं चौकाकडे मान केली.

"काहीतरी सोय करू. कुणाला तरी देऊ."

"कुणाला? घेणारे होते ते सगळे टाकून गेलेत."

"अगं, मग काय नोकरी सोडू?"

"तुम्ही जा. मी यांना टाकून यायची नाही."

बाबा बराच वेळ कागदाची घडी घालत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मला टाकणार."

"तुम्हाला कुणी साखळीनं बांधलेलं नाही," आई म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

ते वाक्य मी आईला कधी माफ केलं नाही. बाबा एकटे गेले. स्टेशनवर मी गेले, आई आली नाही. गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीतून म्हणाले, "आईला त्रास देऊ नकोस." मी मान हलवली. मनात मात्र हिशेब पक्का झाला होता. आई या जनावरांसाठी थांबली आहे. जनावरं गेली, की आम्ही भोपाळला जाऊ.

सुरुवात शिक्षणखात्यापासून करायची, कारण तेच माझ्यामागून चालायचं. पुढच्या रविवारी आई निवडायला बसली होती. मी पोळीचे दोन तुकडे घेऊन निघाले. इंदरगंजचा चौक ओलांडला, कचेऱ्यांना कुलपं होती. कुत्रं माझ्या पायाशी पाय लावून येत होतं. तांगा आला की थांबायचं आणि माझ्याकडे बघायचं. स्टेशनजवळच्या पडावला पोचल्यावर हॉटेलांच्या मागे, जिथे कोळशाच्या बैलगाड्या उभ्या असतात, तिथे एका बैलगाडीखाली मी पोळीचा तुकडा टाकला. ते आत शिरलं. मी पळाले. चौकापर्यंत पळाले आणि तिथून घरापर्यंत भरभर चालले. वळून पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता.

संध्याकाळी आईनं पोळ्या टाकल्या. एक उरली.

"कुठे आहे?"

"मला काय माहीत."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या चपलांकडे. पडावच्या कोळशाची भुकटी त्यांना लागली होती. तिनं मारलं नाही. नुसतं म्हणाली, "कुठे टाकलंस?"

तीन दिवस आम्ही दोघी शोधत होतो. शाळा सुटली की आई फाटकाशी उभी असायची. पडावच्या एकेका हॉटेलापाशी जाऊन ती विचारायची, "भैया, लाल रंग का कुत्ता देखा?" लोक हसायचे. एक हलवाई म्हणाला, "बाई, दूसरा ले जाओ, यहाँ तो सैकड़ों हैं." आई त्याच्याशी इतकी भांडली की माणसं जमली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी तांगा स्टँडशी दमून बसलो तेव्हा ती आपणहून बोलली. माझ्याकडे न बघता.

"तुझे आजोबा, माझे वडील, संस्थानच्या रिसाल्यात होते. विलीनीकरणात रिसाला मोडला, घोडे विकले. त्यानंतर वर्षभरानं मी त्यांच्याबरोबर इथूनच चालले होते. त्यांचा घोडा तांग्याला जुंपलेला होता, या इथेच. त्यानं ओळखलं. मान वर करून खिंकाळला. सगळे बघायला लागले."

"मग?"

"मग आजोबा रस्ता ओलांडून पलीकडे गेले."

मला वाटलं ती आजोबांची कीव करत असेल. पण तिचा चेहरा तसा नव्हता. आजोबा वारले तेव्हा आई रडली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

कुत्रं सापडलं नाही.

उन्हाळ्यात शेजारच्या काकू आल्या. भाच्याचं लग्न होतं. स्टेशनवरून थेट आमच्या दारात, हातात नवा चामड्याचा पट्टा.

"वहिनी, माझं कुत्रं तुम्ही नेलंत असं कळलं. तुमचे उपकार कसे फेडू?"

आई दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"भाचा त्याच दिवशी न्यायला येणार होता हो," काकू सांगत होत्या. "मी त्याच्या भरवशावर बांधून ठेवलं. तो आलाच नाही. भोपाळला गेल्यावर पंधरा दिवसांनी पत्रातून कळलं. मी जेवले नाही, विचारा आमच्या यांना. कुठे आहे तो? हाक मारू?"

मी आईच्या मागे होते. आई खोटं बोलली असती तरी चाललं असतं. मेलं म्हणाली असती तर काकू रडून गेल्या असत्या.

"हिनं टाकलं," आई म्हणाली. तिनं माझ्याकडे बोटसुद्धा केलं नाही. "पडावला नेऊन टाकलं. तुमचंच पाहून शिकली."

काकूंनी पट्टा पदराखाली घेतला. गल्लीतून जाताना त्यांनी एकदा भिंतीचा आधार घेतला, ते मी पाहिलं.

"त्यांनी मुद्दाम नव्हतं टाकलं," मी आईला म्हणाले. "ऐकलंस नं? भाचा आला नाही. तुझा सगळा राग फुकटच."

"मग तू मुद्दाम टाकलंस ते?" आई म्हणाली.

त्यानंतर काही महिने आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो. पण शेळीला चारा मी घालायला लागले. पोपटाचा पिंजराही मी साफ करायचे. कुणी सांगितलं नव्हतं. प्रेम बसलं म्हणूनही नाही. आईला काही म्हणायला जागा उरू नये, एवढंच.

बाबा तीन वर्षं भोपाळला होते. सणाला यायचे, चौकात बसून म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढायचे आणि परत जायचे. शेवटी त्यांनी स्वतःच अर्ज करून इंदरगंजच्या एका लहानशा कचेरीत बदली मागून घेतली. त्यासाठी त्यांची बढती गेली. पुढे नोकरीभर ते खालच्याच जागेवर राहिले आणि त्यांच्या हाताखालची मुलं त्यांचे साहेब झाली. त्याबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. आईनंही कधी विचारलं नाही.

ते परत आले त्या दुपारी त्यांच्याजवळ ट्रंक, वळकटी आणि कापड बांधलेली एक टोपली होती. टोपलीत बोका होता. पिवळा, एक कान फाटलेला, प्रवासानं चिडलेला.

"हा कुणाचा?" आईनं विचारलं.

"माझा," बाबा म्हणाले. "खोलीत यायचा. दुसरं कुणी नव्हतं."

आई दूध आणायला आत वळली. मी कापड सोडलं, तर बोक्यानं माझ्या मनगटावर पंजा मारला. ओळीनं तीन रेघा, त्यांतून रक्त आलं. बाबा घाईघाईनं माझा हात धरायला आले आणि मी तो झटकला. तीन वर्षांनी बाबा कायमचे परत आले होते आणि मी त्यांना म्हणाले, "यालाही इथेच आणायचं होतं का?"

आतून आईचं हसू ऐकू आलं. तसं ती क्वचित हसायची. तेही मला आवडलं नाही.