मिस्साच्या गीतातली मोकळी जागा

सांडोर या माझ्या गावाहून परदेशी निघालो त्या सकाळी पपांनी माझा कीबोर्ड गोधडीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. विमानतळापर्यंत आई चर्चच्या कॉयरबद्दलच बोलत होती. आता रविवारी वाजवणार कोण, हीच तिची काळजी.

तुम्ही गावात राहिलात किंवा माझ्यासारखे बाहेर पडलात, पोटापाण्याचं तुम्हाला सांगायला नको. इथे टोरोंटोजवळ मी गोदामात काम करतो. सुट्टीला कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडून गाण्यांच्या फाइली बनवतो. त्या फाइलीत आवाज नसतो. कोणती पट्टी किती जोरात, किती वेळ दाबली, एवढीच नोंद असते. ऑर्गनचा किंवा व्हायोलिनचा आवाज मागाहून लावायचा. बोट चुकलं तर सूर माउसने सरकवायचा.

गावात वाजवणारं कोणी मिळालं नाही, म्हणून मिस्साची, चर्चमधल्या उपासनेची, गीतं मीच इथून पाठवू लागलो. कॉयरमधले स्पीकरसोबत गायचे. आई ओळीच्या शेवटी रेंगाळायची. मी समोर असताना तिच्यासाठी थांबायचो. फाइल थांबत नाही. "जरा दम घेऊ दे रे," ती फोनवर म्हणायची, "देवाला कसली घाई?"

यंदा आई गेली. माझा व्हिसा नूतनीकरणात अडकला होता. हा देश सोडला असता तर इथे परत येता आलं नसतं. बहीण रीना फोनवर रडली नाही. म्हणाली, "तुला येता येणार नाही, कळलं. पण मयताच्या मिस्साला वाजवायला कोणी नाही."

मी बसून वाजवलं. रडू आलं नाही. प्रत्येक ओळीनंतर आईला पुरेल एवढी जागा मोकळी ठेवली.

मिस्सा मी फोनवर पाहिली. पहिली ओळ संपली आणि सगळे थांबले, ऑर्गनही. मी तिथे वाजवायचो तेव्हा त्या जागी आईचा एकटीचा सूर उरायचा. आता पंख्यांचा आवाज तेवढा आला. बरेच जण स्पीकरकडे वळले. पपा वळले नाहीत.

"लोकांना वाटलं फाइल अडकली," रीना नंतर म्हणाली.

नेटची गडबड असेल, मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात गावात आणखी एक मयत झाली. तीच फाइल हवी होती, मधल्या जागा काढून. मी त्या काढल्या आणि पाठवून दिली.

घर कुठे, असं कोणी विचारलं तर मी अजून सांडोरच सांगतो. तिथे मयताला मी वाजवतो. तेव्हा मी इथे कामावर असतो.