बांधी केवळरामभाऊंची, शिट्टी माझी

मी लाल कार्ड वर धरून उभा होतो आणि सुधाकर माझ्यासमोर मांडी घालून बसला होता. बरोबर मैदानाच्या मधोमध.

"ऊठ. बाहेर हो," मी म्हटलं.

"कुठं जाऊ?" तो म्हणाला. "हे बांधी आमची. धुऱ्यापलीकडची बी आमचीच. कोणत्या बाहेर जाऊ, सांगा ना सर."

भोवतालची माणसं खो खो हसली. मला काही हसू आलं नाही. त्या हंगामातली ही कितवी फायनल होती कोण जाणे. पिंडऱ्या दुखत होत्या, शिट्टी फुंकून ओठ फुटले होते. मनात आलं, कार्ड ठेवावं याच्या मांडीवर आणि सायकल काढून सरळ भंडाऱ्याला घरी जावं.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी शाळेत पी.टी.चा मास्तर आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचा रेफरी. आमच्याकडे गावात मैदान म्हणून वेगळी जागा नसायची. धान कापून झालं की एखादा शेतकरी आपल्या बांध्या टुर्नामेंटला द्यायचा. बांधी म्हणजे धानाचा वाफा, चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला. एका बांधीत फुटबॉल मावत नाही, म्हणून चार बांध्यांमधले धुरे फोडायचे, धसकटं खणायची, पाणी मारून जमीन चोपायची आणि राईस मिलच्या राखेनं रेषा मारायच्या. झालं मैदान.

अड्याळच्या पुढच्या त्या गावात बांध्या द्यायचे केवळरामभाऊ, सुधाकरचे वडील. इतर शेतकरी धान कापायच्या आधीच ओल्या चिखलात लाखोळी फेकतात, म्हणजे त्याच जमिनीत पुढं डाळीचं पीक येतं. केवळरामभाऊ त्या चार बांध्यांत फेकत नसत. का, तर पोरं खेळतात म्हणून. टुर्नामेंट संपली की फोडलेले धुरेही पुन्हा तेच घालायचे. त्यांच्या या उपकाराच्या बदल्यात गावानं एक मान ठेवला होता, रेफरीचं जेवण त्यांच्याच घरी. त्या सकाळीही मी त्यांच्या ओसरीवर लाखोळीचे वडे खाल्ले होते. वहिनींनी आग्रह कर करून वाढले होते.

आणि दुपारी मी त्यांच्याच पोराला कार्ड दाखवून बसलो.

झालं असं. आंधळगावच्या टीमचा गणपत बॉल घेऊन पळाला. तो ऑफसाइड होता, म्हणजे बॉल मिळायच्या आधीच पुढं चोरून उभा होता. मी शिट्टी मारली. गणपत थांबला, बॉल सोडला. सुधाकर मागून आला आणि त्याच्या नडगीवर लाथ घातली. खेळ सुरू असताना पायात पाय अडकतो, ते आपण समजू शकतो. शिट्टीनंतरची लाथ बॉलसाठी नसते. गणपतची नडगी डोळ्यांदेखत टम्म सुजली. त्याला दोघांनी उचलून बाहेर नेलं. अशा वेळी नियमात दुसरा रस्ताच नाही. कार्ड, बाहेर, आणि उरलेली मॅच दहा जणांनी खेळायची.

कमिटीचे अध्यक्ष मनोहरभाऊ धोतर सावरत आत आले. गावात त्यांचं किराणा दुकान.

"सर, जाऊ द्या ना. पोरगा गरम डोक्याचा आहे. घ्या त्याले परत."

"मनोहरभाऊ, दाखवलेलं कार्ड खिशात जात नाही."

"काहून नाई जात? तुमचा खिसा, तुमचं कार्ड!" मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "सकाळी कोणाच्या घरचे वडे खाल्ले सर? थोडी तरी लाज ठेवा. केवळराम बिथरला तं पुढच्या साली बांधी कोण देईन? तुमी देता?"

"मी काय देणार बाप्पा. माझ्या नावावर तुळशीची कुंडी आहे तेवढी."

वडे आठवले, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात आंधळगावचा कॅप्टन प्रल्हाद आला. म्हटलं, चला, निदान हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. त्याच्याच माणसाला लागलंय.

तो हळूच म्हणाला, "सर, खेळू द्या त्याले."

"अरे, तुझा गणपत तिथं कण्हून राहिला ना!"

"हाव. पण आमाले संध्याकाळी याच गावातून ट्रॅक्टर काढायचा आहे. पोरं दगड घेऊन बसून राहिले धुऱ्यावर. पाहा ना."

मी पाहिलं. बसले होते खरे.

म्हणजे ज्यांच्या पोरानं मारलं ते म्हणतात खेळू द्या, ज्यांच्या पोराला लागलं तेही म्हणतात खेळू द्या. नको म्हणणारा मी एकटाच. असा थकवा मला धावून धावून कधी आला नाही. पण सुधाकर परत खेळला असता, तर शिट्टीनंतर लाथ मारायची मोकळीकच झाली असती. फक्त बांधी बापाची पाहिजे. मी मोठ्यानं सांगितलं, "सुधाकर उठला नाही, तर मॅच बंद. कप आंधळगावचा."

आरडाओरड झाली. कोणीतरी ढेकूळ फेकलं, ते माझ्या बुटाशी फुटलं. तेव्हा पलीकडच्या धुऱ्यावर बसलेले केवळरामभाऊ उठले. बिडी विझवली, कानावर ठेवली आणि सावकाश चालत आत आले. लोकांनी वाट करून दिली.

"सर, नियम काय म्हणते?"

"बाहेर म्हणते, भाऊ."

"बाहेर म्हंजे कुठपर्यंत?"

"राखेच्या रेषेपलीकडे."

त्यांनी रेषेकडे पाहिलं. मग पोराकडे. आवाजही चढवला नाही.

"सुध्या, ऊठ. आज बांधी खेळाची आहे."

सुधाकर उठला. रेषा ओलांडून धुऱ्यावर जाऊन बसला आणि ढसाढसा रडला. त्या भागातला तो सगळ्यात चपळ खेळाडू होता, हेही सांगून टाकतो. त्याच्याशिवाय त्याची टीम एका गोलनं हरली. बापाच्याच दबावामुळं असेल, एकही दगड सुटला नाही. आंधळगावचा ट्रॅक्टर सुखरूप गेला. माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा मात्र कोणीतरी सोडून ठेवली होती. तेवढं चालायचंच.

पिशवी आणायला मला केवळरामभाऊंच्या घरी जावं लागलं. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. जेवा म्हणाल्या नाहीत. मीही थांबलो नाही. हवा नसलेली सायकल ढकलत अड्याळपर्यंत चालत आलो.

पुढच्या वर्षी त्या गावाहून बोलावणं आलं नाही. मला वाटलं, दुसरा रेफरी ठरवला असेल. धान निघून गेल्यावर एकदा कामानिमित्त त्या वाटेनं जात होतो. मैदानाच्या जागी सायकल आपोआप थांबली. चारही बांध्यांचे धुरे नीट घातलेले आणि आत लाखोळी गुडघ्याएवढी. निळी फुलं लागली होती. केवळरामभाऊ धुऱ्यावरच भेटले.

"राम राम, सर."

"राम राम. यंदा टुर्नामेंट नाही?"

"नाई."

"त्या दिवशीचा राग आहे का माझ्यावर?"

"तुमच्यावर कायले राहीन? तुमचं बरोबरच होतं. पोरानं लाथ मारली, तुमी बाहेर काढलं." लाखोळीची एक शेंग तोडून त्यांनी चोळली, दाणे तळहातावर घेऊन पाहिले. "पण त्या दिवशी माझा पोरगा माझ्याच बांधीच्या धुऱ्यावर बसून रडला सर. घरची बाई अजून त्या दिवसाचं बोलते. तुमी त्याले खेळातून काढलं, मी खेळाले बांधीतून काढलं. हिशेब मिटला."

मला वाईट वाटलं. अगदी आतून वाटलं. विचारलं, "सुधाकर कुठं खेळतो आता?"

"खेळन कुठं?" ते म्हणाले. "बांधी कोण देते?"

पुढं मी पुष्कळ वर्षं रेफरीचं काम केलं. निर्णय कधी मागे घेतला नाही, आणि त्या दिवसाचाही घेतला नसता. नव्या रेफरींना मात्र सांगतो. बॉलमधली हवा तपासा, गोलची जाळी तपासा. आणि जेवायचा डबा घरून न्या.